पिंपाचा पहारा

"पिंप पुन्हा बोंबलतंय," असं थंडोबाने सांगितलं, तेव्हा गोंगाट किती वाढला हे सरांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "काल इथे कोण कोण येऊन गेलं?"

"तुम्ही," थंडोबा म्हणाला. "आणि मी."

"आणखी?"

"आणखी कोण येणार, सर? कामाशिवाय आत येऊ नये म्हणून दारावर तुम्हीच पाटी लावलीय. काम असलेले लोकसुद्धा आता बाहेरूनच हाका मारतात."

सरांनी डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं. पिंप थंड करणारा तंत्रज्ञ म्हणून सगळी संस्था ज्याला थंडोबा म्हणायची, तो हा माणूस पहिल्या दिवसापासून त्यांच्याबरोबर होता. पण संशयाला सेवाज्येष्ठता कळत नाही.

सर एका संशोधन संस्थेत रेडिओ दुर्बिणींसाठी ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. तोंडावर त्यांना सगळे सर म्हणत आणि पाठीमागे शंकासुर. लिफ्टमध्ये लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून ते जिन्याने येत. जिन्याच्या कठड्यावर विश्वास नव्हता, म्हणून भिंतीच्या कडेने येत. चहात साखर घातलीय असं बायकोने सांगितलं, तर ते आधी ढवळत, मग चव घेत, मग तिच्याकडे बघत. पण खरं सांगायचं तर त्यांच्या धंद्यात हा दुर्गुण नव्हता, भांडवल होतं.

आकाशाच्या पार टोकाकडून येणारी रेडिओ लहर इतकी क्षीण असते, की ती ऐकणं म्हणजे भर बाजारात मुंगीची ढेकर ऐकणं. त्यासाठी ॲम्प्लिफायर लावावा, तर तो मेला स्वतःच पुटपुटत असतो, आणि मुंगीबरोबर त्याचं पुटपुटणंही मोठं होऊन बसतं. सरांचा ॲम्प्लिफायर वेगळा होता. नखाएवढ्या चिपवर अतिसंवाहक धातूची केसाहून बारीक वाट कोरायची, ती चिप पिंपात ठेवायची आणि पिंप इतकं थंड करायचं, की त्याहून थंड व्हायला निसर्गात जागाच उरू नये. तेवढ्या थंडीत वीज त्या वाटेने विनातक्रार धावते आणि ॲम्प्लिफायर गप्प बसतो. कुणीतरी विनातक्रार धावावं आणि कुणीतरी गप्प बसावं, या दोन गोष्टी एका वेळी जमवण्यात सरांची आठ वर्षं, डोक्यावरचे केस आणि कंबर खर्ची पडली होती.

आणि आता ऐन मोक्याला तो गप्प बसेना. लवकरच दुर्बिणीवाल्यांची समिती येणार होती. नव्या रिसीव्हरमध्ये सरांचा ॲम्प्लिफायर घ्यायचा की शेजारच्या खोलीतल्या ट्रान्झिस्टरवाल्यांचा, हे ती ठरवणार होती. ट्रान्झिस्टरवाल्यांचा गोंगाट जास्त होता, पण तो रोज तेवढाच असायचा. आणि समित्यांना बेभरवशाच्या चांगुलपणापेक्षा भरवशाचा वाईटपणा परवडतो. सरांचा नाकारला गेला तर विभाग बंद, पिंप भंगारात आणि सर ट्रान्झिस्टरवाल्यांच्या हाताखाली, हे शिपायालाही ठाऊक होतं.

"चुंबक," सर म्हणाले. "कुणीतरी आत चुंबक आणतंय."

हे मात्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं. अतिसंवाहक चिप थंड होत असताना जवळपास चुंबक असला, तर त्याचा प्रभाव चिपमध्ये अडकून बसतो. ओल्या सिमेंटवर कुणी पाय दिला की ठसा कायमचा, तसंच हे. मग सगळं पिंप गरम करून पुन्हा थंड करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्यात दोन दिवस जातात.

दुसऱ्या दिवशी दाराशी एक प्लॅस्टिकचा ट्रे आला. आत जाणाऱ्याने मोबाइल, घड्याळ, किल्ल्या, सगळं त्यात ठेवायचं. पाहणीला आलेल्या संचालक मॅडमना केसांतल्या पिना काढाव्या लागल्या आणि एरवी कडक दिसणाऱ्या मॅडम झोपेतून उठल्यासारख्या दिसत आत आल्या. सर न्यायी होते. स्वतःचा कातडी पट्टाही त्यांनी सगळ्यांदेखत बकलासकट ट्रेमध्ये टाकला. पँट सावरायला, सासूबाईंनी कंबरदुखीसाठी दिलेला रुंद कापडी पट्टा शर्टाच्या आत होताच. त्याला ना बकल ना बटण. लोखंड औषधालाही दिसत नव्हतं. शिवाय महिनाभरात कंबर दुखायची थांबलीही होती. त्याचं श्रेय सर आपल्या बसण्याच्या नव्या शास्त्रशुद्ध पद्धतीला देत.

एवढ्यावर सरांचं समाधान झालं नाही. ट्रे चोराला थोडाच अडवतो? त्यांनी पिंपाला खेटून एक लाकडी स्टूल ठेवलं आणि पिंपाला पाठ टेकून, तोंड दाराकडे करून, स्वतः पहाऱ्याला बसले.

"सर, तुम्ही जेवायला तरी जा," थंडोबा म्हणाला.

"का? मी जावं अशी तुझी फार इच्छा दिसतेय."

थंडोबाने पुन्हा तो विषय काढला नाही. सरांनी डबा तिथेच खाल्ला. पिंपाच्या कंप्रेसरची धडधड पाठीला लागत होती आणि ती त्यांना बरी वाटत होती. दोन दिवसांत दारातून एक माशी आली, तिच्यावरही त्यांनी नजर ठेवली. पिंप थंड झालं, मोजणी झाली, आणि गोंगाट आधीपेक्षा दुप्पट निघाला.

"मी इथे बसलेलो असताना!" सर ओरडले. "माझ्या नाकावर टिच्चून!"

पुन्हा पिंप गरम केलं, पुन्हा थंड करायला लावलं. सर स्टुलावर बसणार, एवढ्यात घरून फोन आला. सासूबाईंच्या डोळ्याचं छोटं ऑपरेशन होतं आणि बायकोने बजावलं, "अहो, दोन दिवस पिंप सोडा आणि माणसांत या." बायकोच्या आवाजात असा काही गारठा होता की सर निमूटपणे दवाखान्यात जाऊन बसले. तिथे त्यांनी डॉक्टरांची पदवी खरी आहे का, ते भिंतीवर वाचून पाहिलं. परतले तेव्हा थंडोबा दारातच नाचत होता.

"सर, जमलं! इतका गप्प ॲम्प्लिफायर मी जन्मात पाहिला नाही. आकडा बघा!"

सरांनी आकडा पाहिला. तो इतका चांगला होता की त्यांच्या चेहऱ्यावर आठ्या पडल्या.

"हा कुणी मोजला?"

"मी मोजला."

"मी नसताना?"

"तुम्ही दवाखान्यात होता ना!"

"म्हणजे मी असलो की बिघडतो आणि मी नसलो की सुधारतो," सर सावकाश म्हणाले. थंडोबाच्या मनात आशा पालवली. आता सर योग्य तेच बोलणार, असं त्याला वाटलं. सर म्हणाले, "याचा अर्थ डाव थेट माझ्यावर आहे. मला नालायक ठरवायचंय कुणाला तरी. गरम कर पिंप. माझ्यासमोर पुन्हा थंड करायचं."

"सर, पाया पडतो. चालतंय ते चालू द्या. समिती सोमवारी येतेय!"

"चालतंय म्हणूनच तर संशय येतोय."

पिंप गरम झालं, थंड झालं, सर स्टुलावर पाठ टेकून बसले, आणि गोंगाटाने पुन्हा टाहो फोडला.

चुंबकक्षेत्र मोजायचं संस्थेतलं चांगलं उपकरण नेमकं दुरुस्तीला गेलेलं होतं. ते नेमकं आताच का गेलं, हाही संशय सरांनी मनात नोंदवून ठेवला आणि शाळेच्या वस्तूंच्या दुकानातून एक होकायंत्र विकत आणलं. दुकानात त्यांनी ते छातीपेक्षा जरा खाली, दोन्ही हातांत धरून पाहिलं, तर सुई थरथरली आणि सरळ दुकानदाराकडे वळली. खरं तर तिथेच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण दुकानदारही त्यांना पहिल्यापासून संशयास्पदच वाटत होता. शिवाय उत्तर कुठे आहे हे पाहायला त्यांनी होकायंत्र घेतलंच नव्हतं. चोर कुठे आहे हे पाहायला घेतलं होतं.

प्रयोगशाळेत येऊन ते थंडोबासमोर उभे राहिले. सुईने थंडोबाकडे बोट दाखवलं.

"डावीकडे सरक," सर म्हणाले. थंडोबा सरकला. सर त्याच्याकडे वळले, आणि त्यांच्याबरोबर सुईही वळली. "उजवीकडे." सर वळले, सुई वळली.

"आता बोल. काय लपवलंयस?"

थंडोबाचा चेहरा पिंपापेक्षा थंड पडला. खिसे रिकामे होते, कपड्यांना धातूचं बटण नव्हतं, पण सुई खोटं बोलत नाही हे त्याने याच खोलीत सरांकडूनच ऐकलं होतं.

"सर, माझी चूक झाली," तो खाली बघत म्हणाला. "मी ट्रान्झिस्टरवाल्यांकडे शब्द टाकून ठेवलाय. आपला विभाग बंद झाला तर मला तिकडे घ्या म्हणून. पण मी चुंबक नाही आणला हो! मुलांची शपथ!"

सर मटकन स्टुलावर बसले. चुंबक सापडला असता तर त्यांना आनंद झाला असता. हे ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं. इतक्या वर्षांचा माणूस! पण वाईट वाटण्यात वेळ घालवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. विभाग बंद होणार हे थंडोबाला इतक्या खात्रीने कुणी सांगितलं? होकायंत्र पुढे धरून ते तरातरा संचालक मॅडमच्या खोलीत शिरले. सुई कागदपत्रांवरून, चहाच्या कपावरून पुढे जाऊन थेट मॅडमवर रोखली गेली.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"हे तुमच्याकडे बोट दाखवतंय, मॅडम. का, ते तुम्हीच सांगा."

मॅडमनी खुर्ची डावीकडे सरकवली. सरही सरकले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मॅडमनी एकदा सुईकडे पाहिलं, एकदा सरांच्या न लवणाऱ्या पापण्यांकडे, आणि सुस्कारा सोडला.

"तुम्हाला कुणी सांगितलं? मी ट्रान्झिस्टरवाल्यांना तोंडी होकार दिलाय, हे खरं आहे. तुमचं पिंप एक दिवस गातं आणि चार दिवस रडतं. मी समितीसमोर कशाच्या जोरावर उभी राहू? सोमवारी तुमची मोजणी म्हणजे नुसता उपचार आहे."

सर होकायंत्र खिशात घालून बाहेर पडले. जिना उतरताना ते भिंतीच्या कडेने नाही, मधोमध उतरले, कारण आता पडलो काय नि राहिलो काय, अशी त्यांची अवस्था झाली होती. तरी डोक्यात भुंगा चालूच होता. थंडोबा फितूर निघाला, मॅडम फितूर निघाल्या, पण चुंबक काही निघाला नाही. उरलं कोण?

घरी बायको दिवाणखान्यात कपड्यांच्या घड्या घालत होती. एका डोळ्यावर हिरवा पडदा लावून सासूबाई आरामखुर्चीत बसल्या होत्या. सरांनी दारातच होकायंत्र काढलं.

"अहो, हे काय नवीन?" बायको म्हणाली.

सुई तिच्याकडे वळली. सर एक पाऊल मागे सरकले. "तूसुद्धा? रोज माझा डबा तू भरतेस. काय घालतेस त्यात?"

"पोळी-भाजी घालते! आणि तीही तुम्ही संशयाने खाता!" बायकोने हातातला टॉवेल त्यांच्या अंगावर भिरकावला. "इतकी वर्षं संसार केला, आता मोजमाप करून बघताय होय माझं?"

सर टॉवेल चुकवायला वळले, तर समोर सासूबाई आल्या. सुई त्यांच्यावर जाऊन स्थिरावली. सासूबाईंना एकाच डोळ्याने नीट दिसत होतं, पण त्यांच्याकडे वळलेली सुई दिसायला तेवढा डोळा पुरेसा होता.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. "यंत्राला कळलं वाटतं."

"काय कळलं?" सर आणि बायको एकदम म्हणाले.

"जावईबापू, रागावू नका. मी तुमच्या भल्यासाठीच केलं. मागे मी ते चुंबकाचं औषध आणू म्हटलं, तर तुम्ही मला तासभर ऐकवलंत. चुंबकाने कंबर बरी होते हे थोतांड आहे, अडाणीपणा आहे, काय काय बोललात. म्हणून मी तुम्हाला सांगितलंच नाही. चुंबकाच्या चकत्या आणल्या आणि पट्ट्याच्या अस्तरात शिवून टाकल्या. पुढून, मागून, सगळीकडून. चांगल्या जोरदार मिळाल्या हो."

सरांनी शर्ट वर केला, पट्टा सोडला आणि टेबलावर ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा, टेबलावरचे चमचे सरसर धावत येऊन पट्ट्याला बिलगले. सरांनी होकायंत्र लांब नेऊन धरलं. सुई एकदा गरकन फिरली आणि कुणाकडेही न बघता उत्तरेला तोंड करून उभी राहिली.

ज्याच्यासमोर आपण उभे राहिलो, त्याच्याकडेच सुई का वळत होती, हे सरांना एका क्षणात उमगलं. सुईला पुढे ढकलणारा चुंबक त्यांच्याच पोटावर होता. दुकानदार, थंडोबा, मॅडम, बायको, सगळे निर्दोष. आणि पहारा देताना आपण पिंपाला पाठ टेकून बसत होतो, हे आठवलं तेव्हा ते डोक्याला हात लावून खाली बसले. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, तेही डोळ्यात तेल घालून.

"बाकी काही म्हणा," सासूबाई हळूच म्हणाल्या, "कंबर दुखायची थांबली की नाही?"

सोमवारच्या आधी एकदाच पिंप थंड करण्याएवढा वेळ उरला होता. सरांनी थंडोबाला सगळं सांगितलं. थंडोबाने हसू दाबायचा मनापासून प्रयत्न केला, पण तो पिंपाइतका भक्कम नव्हता. हसून झाल्यावर डोळे पुसत तो म्हणाला, "सर, एकच विनंती. तुम्ही बाहेर बसा."

"पट्टा काढलाय मी."

"तरी बाहेर बसा."

सर बाहेर बाकावर बसले. पट्टा सुटल्यापासून कंबर पुन्हा ठणकत होती. शास्त्रशुद्ध पद्धतीने बसून पाहिलं, ठणका तसाच. दोन दिवस ते बंद दाराकडे बघत राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाती काम सोडून राहिले. ते त्यांना कंबरदुखीपेक्षा जड गेलं.

सोमवारी समितीसमोर मोजणी झाली आणि ॲम्प्लिफायर मेलेल्या माणसासारखा गप्प बसला. समितीच्या अध्यक्ष, एक हडकुळ्या बाई, आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांनी मोजणी तीनदा करायला लावली. मॅडमनी हळूच केसांत पिन खोचली. ट्रान्झिस्टरवाल्यांचं हसू चेहऱ्यावरच सुकलं.

"उत्तम आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "म्हणूनच विचारते. तुमच्या नोंदींत गेला महिनाभर हाच ॲम्प्लिफायर इतका का ओरडतोय?"

सरांना त्या बाई फार आवडल्या. "बाहेरचं चुंबकक्षेत्र," ते म्हणाले. "स्रोत काढून टाकलाय."

"काय होता स्रोत?"

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम छताकडे पाहू लागल्या. थंडोबा पिंपाआड गेला.

"पट्टा," सर म्हणाले.

"कुठल्या यंत्राचा?"

"कंबरेचा. माझ्या." आणि मग गत्यंतरच नसल्यामुळे त्यांनी चकत्या, अस्तर, सासूबाई, स्टूल, सगळं सांगून टाकलं. लाजेने त्यांचे कान तापले होते. खोलीत हास्याचा स्फोट झाला. फक्त अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

"हा पट्टा तुम्ही दुर्बिणीपाशी घालणार नाही?"

"कधीच नाही."

"पण मग कंबर दुखणार. दुखली की तुम्ही कशालातरी टेकणार. आणि सासूबाई तुमच्या काळजीपोटी आणखी काहीतरी शिवणार. त्या काय शिवतील, याची हमी देता?"

"हमी? सासूबाईंची?" सर खरं बोलणारे होते. "ती कोण देऊ शकेल?"

"मग माझी शिफारस लिहून घ्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ॲम्प्लिफायर यांचाच घ्यायचा. याच्याहून चांगला मी पाहिलेला नाही. अट एकच. तो थंड होत असताना, नेताना किंवा बसवताना यांना त्याच्याजवळ येऊ द्यायचं नाही."

आठ वर्षं ज्या एका वाक्यासाठी सर जगले होते, ते असं जोडीला शेपूट घेऊन आलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं किती नि कंबरेचं किती, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. थंडोबाने पिंपाआडून येऊन त्यांचा हात घट्ट धरला. "मी तो शब्द मागे घेतलाय, सर," तो म्हणाला. सरांनी मान हलवली आणि, नवल म्हणजे, विश्वास ठेवला.

ॲम्प्लिफायर न्यायला गाडी आली, तेव्हा पेटी उचलायला थंडोबा होता, दार धरायला मॅडम होत्या. सर मात्र आवारातल्या दूरच्या झाडाखाली, एक हात कंबरेवर ठेवून उभे होते. "हळू! अरे, खालून धरा! हळू!" असा त्यांचा आवाज वाऱ्यावर येत होता.

"कोण आहेत हो ते?" ड्रायव्हरने पेटी आत सरकवत विचारलं.

"आमचे सर. हे यंत्र त्यांनीच बनवलंय."

"मग एवढे लांब का उभे?"

थंडोबाने गाडीचं दार लावलं, कडी दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाला, "त्यांच्यावर संशय आहे."